ठकूची अठ्ठावीस अंडी

खर्र… खर्र…

आवाज आला आणि माझं लाल पेन पेपरावरच थांबलं.

विट्याबाहेर, हॅचरीच्या पाठीमागे आमचं घर. एप्रिलातल्या दुपारी तिथं कुणी बोलत नसे. अंडी उबवायच्या मशिनींची घरघर बारा महिने चालू, त्यामुळे ती आम्हाला ऐकूच यायची नाही. तीच आमची शांतता. माझे सासरे, आबा, सोप्यात उघड्या अंगानं आडवे झाले होते. नवरा, धैर्यशील, एक दिवसाच्या पिल्लांची गाडी घेऊन आटपाडीला गेला होता. मी कॉलेजातून आणलेले जीवशास्त्राचे पेपर तपासत होते.

पुन्हा खर्र. मी उठून मागच्या दारात गेले. आबांचा पंचा दोरीवरून खाली आला होता आणि फरशीवरून आपणहून चालला होता. निदान मागून तसंच वाटत होतं. पुढं जाऊन पाहिलं, तर त्याचं टोक ठकूच्या तोंडात.

ठकू म्हणजे आमची टेगू. मूळची दक्षिण अमेरिकेतली, चार फुटांची, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, उसाच्या कांड्यासारख्या शेपटीची. गावात तिला सगळे सरळ घोरपड म्हणत. धैर्यशीलचा पुण्याचा मित्र निनाद असे प्राणी पाळतो. त्याचं घर लहान पडायला लागलं तेव्हा नोंदणीच्या कागदांसकट त्यानं ती आमच्याकडे सोडली. नर त्याच्याकडेच होता. थंडीतली लांब झोप संपवून ठकू जागी झाली की तो नराला आठ दिवस आमच्याकडे आणून ठेवायचा. मागच्या अंगणाला लागून तिची खोली होती, आणि तीन वर्षं ती माझ्या हातून खात होती.

"माझा पंचा नेला न्हवं तिनं?" आबांनी डोळे न उघडता विचारलं.

"नेला."

"काल बनियन. परवा देव पुसायचं फडकं. बाळंतीण हाय का धोबीण?"

"घरटं करतेय, आबा. आठ दिवसांत अंडी घालील."

आबांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. छपराकडे बघत राहिले. ज्या घरात दिवसाला वीस-वीस हजार अंड्यांची बोलणी व्हायची, त्या घरात आम्हा दोघांत तो एक शब्द गेल्या वर्षापासून जड झाला होता.

गेल्या वर्षी ठकूनं पहिल्यांदा अंडी घातली, तेव्हा मी पेपर तपासायला तीन दिवस कोल्हापूरला होते. परत आले तर आबा दारातच उभे. "ये, तुला गंमत दावतो." त्यांनी ठकूची एकतीस अंडी सुपात गोळा करून, पुसून, आपल्या सेटरमध्ये, म्हणजे उबवणीच्या मोठ्या मशिनीत, लावली होती. त्यासाठी ठकूच्या शेपटीचा फटका पोटरीवर खाल्ला होता आणि तो वळ ते मोठ्या कौतुकानं दाखवत होते. सेटरमधले ट्रे तासाला एकदा या बाजूला कलतात, तासाला एकदा त्या बाजूला. कोंबडीचं अंडं हलतं ठेवलं नाही तर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं; कोंबडी स्वतः चोचीनं अंडी फिरवते. आमच्याकडे हे शाळेत न गेलेल्या बाईलासुद्धा माहीत.

सरड्या-पालींच्या अंड्यांचं नेमकं उलटं असतं. आतला जीव वरच्या बाजूला धरून बसतो. अंडं एकदा ठेवलं तसंच ठेवायचं. फिरवलं की तो गुदमरतो. हे मला निनादनं सांगितलं, आणि तेही महिन्यानं, वास यायला लागल्यावर. मी प्राण्यांचं शास्त्र शिकवणारी बाई. मलाही माहीत नव्हतं.

आबांनी ती एकतीस अंडी नारळाच्या बुडाशी पुरली. त्यानंतर त्यांनी ठकूचं नाव घेतलं नाही. "ती" म्हणायचे.

या वर्षी एक अंडंही आमच्या चुकीनं जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. वहीत तापमान लिहिलेलं, ओलावा लिहिलेला, रोपवाटिकेतून कुंड्यांत घालायचं, ओल धरून ठेवणारं व्हर्मिक्युलाइट आणून ठेवलेलं. हे सगळं ठरलं होतं.

एक गोष्ट मात्र ठरत नव्हती.

आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. दवाखाने करून झाले होते. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका संस्थेत आम्ही दत्तक मुलासाठी नाव नोंदवलं होतं. घर बघायला बाई येऊन गेल्या, त्यांना आबांनी शंभर प्रकारची पिल्लं दाखवली. आता कधीही फोन येईल, अशी स्थिती होती. आणि जसजसा तो जवळ येत होता तसतशी मी मागं सरत होते.

"कुणाचं मूल म्हणून तुला परकं वाटेल का?" धैर्यशीलनं विचारलं होतं.

"नाही. ते नाही."

"मग?"

"तिचं काय? जिचं ते आहे तिचं?"

"तिनं सही करून सोपवलेलं असतं, तेजू."

"सही करून माणूस विसरतं?"

तो पिल्लांच्या खोक्यांना भोकं पाडायला निघून गेला. आणि मी एक पिवळं मलमलचं दुपटं शिवून, कुणाला न सांगता, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिलं.

*

ठकूनं खाणं बंद केलं. तिच्या खोलीत मी भाताचं काड टाकलं होतं, ते तिनं तोंडानं ओढून, मागच्या पायांनी ढकलून कोपऱ्यात कमरेइतका ढीग केला. आत शिरायची, बाहेर यायची, पुन्हा काहीतरी ओढून न्यायची. एका सकाळी ती बाहेर आलीच नाही. काडाच्या तोंडाशी नुसतं डोकं दिसलं. मी नेहमीसारखा हात पुढं केला तर ती फुगली, दुप्पट झाली, आणि असा फूत्कार टाकला की मी दारापर्यंत मागं आले. तीन वर्षांत तिनं मला हे कधी केलं नव्हतं.

अंडी झाली होती.

ती तिथंच ठेवणं शक्य नव्हतं. तिच्या मुलखात त्या ढिगाऱ्यात ओल टिकत असेल; आमच्याकडे पत्र्याखाली बेचाळीस अंशांत अंडी चार दिवसांत बेदाण्यासारखी सुकली असती. काढायलाच हवी होती, आणि त्याच दिवशी.

धैर्यशील वेल्डिंगचे चामडी हातमोजे घालून आला. "मी काढतो. तू लांब थांब."

"तू तिला धर. अंडी मी काढणार."

"तेजू, ती चावली तर बोट राहणार नाही."

"मग नऊ बोटांनी काढीन."

तो हसला नाही. त्यानं जाड सतरंजी तिच्या डोक्यावर टाकली आणि तिला कवेत घेतलं. ती अख्खी एक स्नायू झाली होती. शेपूट भिंतीवर आपटलं, चुन्याचा पोपडा पडला. तिला मोठ्या क्रेटमध्ये घालून झाकण लावेपर्यंत त्याच्या दंडावर तीन ओरखडे उठले. मग आतून तिचा आवाज येत राहिला, नखांचा, एकसारखा. मी काड उपसायला लागले.

वर आबांचा पंचा. त्याखाली बनियन. देवाचं फडकं. आणि तळाशी, सगळ्यात आत, पिवळं काहीतरी.

"हे काय?" धैर्यशील वाकला.

माझं दुपटं. कपाटाचं खालचं दार नीट लागत नव्हतं, हे मला माहीत होतं. तिलाही कळलं होतं.

"हे कधी शिवलंस?"

"अंडी मोज," मी म्हटलं.

दुपट्याच्या घडीत ती होती. पांढरी, मऊ, ओल्या चामड्यासारखी, एकमेकांना चिकटलेली. कोमट. मी श्वास धरून प्रत्येकाच्या वरच्या बाजूला शिसपेन्सिलीनं एक फुली काढली. मग ती होती तशी, न वळवता, न सुटी करता, दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन डब्यातल्या ओल्या व्हर्मिक्युलाइटवर ठेवली. अठ्ठावीस. डबा उचलून वळले, तर दारात आबा.

त्यांच्या काखेत एक जुनं लाकडी मशीन होतं, पन्नास अंड्यांचं. हॅचरी सुरू केली तेव्हाचं, त्यांच्या हातचं पहिलं. ते माडीवर फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असायचं, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दुसऱ्या हातात वायरी लोंबत असलेली एक लहान मोटर होती.

"ह्यात ठेव," ते म्हणाले. "फिरवायची मोटरच काढून टाकली. आता भूकंप झाला तरच हलंल."

आणि ती मोटर त्यांनी माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. पुरावा म्हणून ठेवावी तशी.

*

"घरटं पूर्ण उचल," निनादनं फोनवर सांगितलं. "खोली साबणानं धू. तिलाही धू. वास राहिला नाही की विसरते."

"नक्की विसरते?"

"अगं, प्राणी आहे तो."

मी सगळं केलं. काड जाळलं, फरशी दोनदा धुतली, ठकूला कोमट पाण्यानं चोळून अंघोळ घातली. कपडे धुऊन वाळत टाकले. नवं काड एका बाजूला नीट पसरलं.

दुसऱ्या दिवशी खोलीत गेले, तर तिनं नवं काड ओढून त्याच कोपऱ्यात ढीग केला होता. दोरीवरचं दुपटंही गायब होतं. त्याचं एक टोक ढिगातून बाहेर दिसत होतं. ती त्यावर वेटोळं घालून बसली होती. मला पाहून फुगली.

"बाई, आत काही नाही," मी तिला म्हटलं. "मी नेलीत."

ती आणखी फुगली.

मग मी दिवस मोजायला लागले. एका बाजूला मशिनीतला काटा, एकतीस अंशांवर, वहीत तीन वेळा. दुसऱ्या बाजूला ठकू. खात नाही. उन्हाला येत नाही. कुणी दाराशी गेलं की फूत्कार. तिसरा दिवस, सहावा, नववा. आबा रोज सकाळी पहिल्यांदा लाकडी मशिनीशी जायचे, काचेवरून बोट फिरवायचे, "हललं न्हाई" म्हणायचे आणि मगच चहा घ्यायचे. मी उलट्या दिशेनं जायचे. तिच्या दाराशी उभी राहून, चहा गार होईपर्यंत.

अकराव्या दिवशी कोल्हापूरहून फोन आला.

"मुलगी आहे. तीन महिन्यांची. तब्येत चांगली आहे. फोटो पाठवते," संस्थेतल्या बाई म्हणाल्या. "दोन दिवसांत कळवा हं."

फोटो मी पाहिला. एकदाच पाहिला, मग फोन उपडा ठेवला. धैर्यशील माझ्याकडे बघत होता.

"तू सांग," तो म्हणाला. "तू हो म्हटलंस तर हो. पण तू म्हणायचंस."

तो दिवस मी पेपर तपासले. एकाही उत्तराला धड मार्क देता येईनात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ठकूच्या दारात गेले. ती होती तशीच. मी तिथूनच वळले आणि हॅचरीत आबांकडे गेले. ते अंधाऱ्या खोलीत दिव्यावर अंडी धरून पाहत होते. आत जीव असलेलं एका ट्रेमध्ये, नसलेलं दुसऱ्यात. हात थांबत नव्हता.

"आबा, ती अजून बसलीय."

"बसंल."

"आपण काढून घेतली तिची."

"ऱ्हायली असती तर सुकली असती. ह्या उन्हात."

"ते तिला कुठं माहीत आहे?"

आबांनी एक अंडं दिव्यावर धरलं. आत लाल रेषांचं जाळं दिसलं. ते त्यांनी उजवीकडे ठेवलं.

"कोल्हापूरचा फोन आलता म्हणं."

"हो."

"मग?"

"तिची आई… आबा, तीही कुठंतरी अशीच बसली असेल तर?"

चार अंडी उजवीकडे गेली, एक डावीकडे.

"आसंल बी," ते म्हणाले. "मी न्हाई म्हणनार न्हाई."

माझी अपेक्षा होती की ते मला समजावतील. त्यांनी समजावलं नाही.

"तीस वर्सं दुसऱ्याचीच अंडी उबवतोय मी, सूनबाई. किती लाख पिल्लं गेली ह्या दारातनं. कुणाची कोंबडी कुठली, मला ठावं न्हाई. एका पिल्लानं मागं वळून इचारलं न्हाई." त्यांनी पुढचं अंडं उचललं. "पर एक सांगतो. अंडं आलं की त्याला तवाच ऊब लागती. तू आधी इचार करून घे, मंग देतो, आसं त्याला चालत न्हाई. गेल्या साली एकतीस मारली मी. चांगल्या मनानं मारली. आता जे समोर येईल त्याला नीट ठेवायचं. दुसरं काय येतंय आपल्याला?"

मी तिथंच, त्या अंधाऱ्या खोलीत, फोन लावला.

"हो," मी म्हटलं. "आम्ही येतो."

आबांनी दिव्यावरचं अंडं उजवीकडे ठेवलं.

*

चौदाव्या दिवशी ठकू आपणहून बाहेर आली. बारीक झाली होती. अंगणातल्या उन्हात पोट टेकून बसली. मी हॅचरीतलं, जीव न धरलेलं एक कोंबडीचं अंडं तिच्यापुढं धरलं. तिनं जिभेनं चाचपलं, दातांनी हलकेच फोडलं आणि सगळं चाटूनपुसून खाल्लं. मग माझ्या मांडीवर हनुवटी ठेवली. मी रडत होते, तिचं तिकडं लक्ष नव्हतं. दुपटं मात्र तिनं सोडलं नाही. मीही परत मागितलं नाही. बाळासाठी दुसरं शिवलं, हिरवं.

जून संपता संपता एका सकाळी आबांची हाक आली. "सूनबाई! पळ! पोरीला घिऊन ये!"

कोल्हापूरच्या त्या मुलीला, आमच्या जुईला, तेव्हा घरी येऊन तीन आठवडे झाले होते. तिला खांद्यावर टाकून मी धावले. आबा लाकडी मशिनीसमोर स्टुलावर, चष्मा काचेला टेकवून. एका अंड्याला ब्लेडनं कापावी तशी चीर पडली होती आणि त्यातून एक डोकं बाहेर आलं होतं. अंगठ्याच्या नखाएवढं, आणि पोपटासारखं हिरवंगार. लहानपणी ती तशी असतात, हे मी वाचलं होतं. आबांनी वाचलं नव्हतं.

"आरं तिच्या," ते म्हणाले. "हिरवं!"

अठ्ठावीसपैकी तेवीस निघाली. एकही कोंबडीचं पिल्लू बघायला आबा कधी थांबले नव्हते. त्या दिवशी ते जेवायलाही उठले नाहीत. पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर निनादनं ती नीट कागद करून ओळखीच्यांकडे पोचवली. "तिच्यासमोर चुकूनही नेऊ नकोस," त्यानं मला बजावलं होतं. "लहान दिसलं की खाईल. आईबिई काही नाही त्यांच्यात." मी नेली नाहीत.

जुई आता सात वर्षांची आहे. ती कोल्हापूरहून आली, हे तिला बोलता येण्याआधीपासून माहीत आहे. "फोन आला आणि तू काय म्हणालीस?" असं ती विचारते, आणि मी "हो" म्हणाले की खूश होते. आबा थकलेत; हॅचरी धैर्यशील बघतो. ठकूच्या डोक्यावरची खवलं करडी झाली आहेत. अजूनही चैत्र आला की तिचं घरटं सुरू होतं, नर नसला तरी.

परवा दुपारी जुई ठकूच्या खोलीत काड पसरायला गेली आणि हातात एक पिवळट, दातांनी भोकं पडलेलं फडकं घेऊन बाहेर आली.

"आई, हे कुणाचं?"

मग मी तिला सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं. पंच्यापासून सुरुवात केली. पंचा चालत निघाला तिथं ती पोट धरून हसली. मोटर कुठली म्हणून तिनं तेव्हापासून फळीवर ठेवलेली मोटर खाली काढून पाहिली. बाबांच्या दंडावरचे ओरखडे, पेन्सिलीच्या फुल्या, हिरवी डोकी. आबा आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. ठकू जुईच्या पायाशी उन्हात पसरली होती.

"मग ती किती दिवस बसली? रिकाम्या घरट्यावर?"

"चौदा."

जुईनं फडकं मांडीवर पसरलं, भोकांतून बोट घालून पाहिलं. मग हळूच ते ठकूच्या पाठीवर पांघरलं. ठकूनं डोळा उघडला आणि मिटला.

"आई."

"काय गं?"

आबांनी डोळे उघडले. छपराकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आता तिचं एखादं पिल्लू मोठं होऊन इथं आलं ना," जुई म्हणाली, "तर ती ओळखेल त्याला?"